'पीटर पॅन' मुलांना अख्खं वाचून दाखवावं का?

रानजाई

सध्या रात्री झोपताना लेकीला जे. एम. बॅरीचं 'पीटर अँड वेंडी' सांगतेय. पुस्तक इंग्रजी, सांगणं मराठीतून. लेक नऊ वर्षांची आहे. उडणारा मुलगा, टिंकर बेल नावाची परी, हाताच्या जागी आकडा असलेला कॅप्टन हुक, घड्याळ गिळलेली मगर, एवढं तिला कार्टूनमुळे ठाऊक होतं. पण कार्टूनमध्ये न आलेलं पुस्तकात फार आहे, आणि त्याबद्दलच हा धागा काढतेय.

ज्यांनी मूळ पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: कादंबरी १९११ सालची. लंडनमधल्या डार्लिंग कुटुंबातली वेंडी, जॉन आणि मायकेल ही भावंडं पीटर पॅनबरोबर खिडकीतून उडून नेव्हरलँड नावाच्या बेटावर जातात. तिथे पीटरच्या हाताखाली 'हरवलेली मुलं' राहतात. ही कोण, तर सांभाळणारी बाई दुसरीकडे बघत असताना बाबागाडीतून खाली पडलेली बाळं. सात दिवसांत कुणी न्यायला आलं नाही की त्यांची रवानगी बेटावर. बॅरीने हे इतकं सहज लिहिलंय की लेक खुदकन हसली. माझ्या मात्र पोटात कालवलं. सात दिवस कुणीही आलं नाही, याचा अर्थ तिला अजून लागत नाही.

अकराव्या प्रकरणात वेंडी या सगळ्या मुलांना निजताना गोष्ट सांगते. गोष्ट तिच्याच घराची. मुलं उडून गेली तरी आईने खिडकी उघडी ठेवलीय, कितीही वर्षांनी परत गेलं तरी ती उघडीच असणार. सगळे खूश. आणि तेवढ्यात पीटर कण्हतो. तो म्हणतो, मलाही असंच वाटायचं. म्हणून मी खूप दिवस बाहेर राहिलो. मग परत उडत गेलो, तर खिडकी बंद. आई मला विसरली होती आणि माझ्या बिछान्यात दुसराच मुलगा झोपला होता.

लेकीने विचारलं, "मग पीटर कोणाचा?" मी म्हटलं, उद्या सांगते.

सगळे म्हणतात हे पुस्तक मोठं न होणाऱ्या मुलाचं आहे. मला ते आपली जागा शोधणाऱ्या मुलांचं वाटतंय. मोठं न होणं हा पीटरचा हट्ट आहे खरा, पण तो हट्ट त्या बंद खिडकीपाशी घट्ट झालाय. एसटीत कुणीतरी रुमाल टाकून आपल्यासाठी जागा धरून ठेवावी, तसं वेंडीचं घर तिच्यासाठी थांबलेलं आहे. पीटरचा रुमाल कुणीतरी उचलून टाकलाय. बाकीचं सगळं, पऱ्या, चाचे, जलपऱ्या, त्या एका गोष्टीभोवती फिरतंय.

अजून सहा प्रकरणं उरलीत. शेवटचं मी एकटीने वाचून काढलं आणि ते याहून अवघड आहे. तुम्ही मुलांना हे पुस्तक वाचून दाखवलंत का? काही गाळलंत का?

बोरू

आम्ही गाळलं. मुलगा तेव्हा सात वर्षांचा होता. खिडकीचा भाग आणि टिंकर बेल विष पिते तो भाग, दोन्ही. झोपताना सांगायची गोष्ट मुलाला शांत झोप लागावी म्हणून असते, असं माझं मत आहे. दुःख मुलाला पुढे आपोआप भेटतंच. साहस आणि पऱ्या एवढं घेतलं तरी पुस्तक भरपूर उरतं.

कंदील

रानजाई, धागा आवडला. बोरू, तुमचं म्हणणं समजतं, पण खिडकी काढली की यातला पीटर कळतच नाही. कारण बॅरीच्या डोक्यात खिडकी आधी आली, नेव्हरलँड नंतर.

क्रम असा आहे. पीटर पॅन पहिल्यांदा आला तो १९०२ मध्ये, 'द लिटल व्हाइट बर्ड' या मोठ्यांसाठीच्या कादंबरीतल्या काही प्रकरणांत. २७ डिसेंबर १९०४ ला लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये नाटक आलं. ते तुफान चाललं, म्हणून १९०६ मध्ये जुनी प्रकरणं वेगळी काढून 'पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स' हे पुस्तक निघालं, आर्थर रॅकमच्या चित्रांसह. आणि नाटकाची कादंबरी झाली १९११ ला, तीच तुम्ही वाचताय.

१९०६ च्या पुस्तकात ना हुक आहे, ना वेंडी, ना बेट समुद्रातलं. पीटर सात दिवसांचं बाळ आहे. त्या जगात सगळी बाळं आधी पक्षी असतात, म्हणून त्याला उडता येतं. तो खिडकीतून निघतो आणि केन्सिंग्टन गार्डन्समधल्या सर्पेंटाइन तळ्यातल्या बेटावर पोचतो. तिथला म्हातारा कावळा सॉलोमन त्याला सांगतो की तू आता पक्षी नाहीस. बरं, मग माणूस? तर तेही पुरतं नाही. ना धड माणूस, ना धड पक्षी, तू अधलामधला. हे ऐकल्यावर पीटरचा उडण्यावरचा विश्वास जातो आणि तो बेटावर अडकतो. पक्ष्यांना उडता येतं ते त्यांचा पूर्ण विश्वास असतो म्हणून, असं बॅरी म्हणतो.

खिडकीचा प्रसंग इथे जास्त सविस्तर आहे. पीटर पऱ्यांच्या नाचात बासरी वाजवतो, म्हणून मॅब राणी त्याला इच्छा माग म्हणते. तो आईकडे जायचं मागतो. पहिल्या वेळी खिडकी उघडीच असते. आई झोपलेली, चेहरा उदास. तो पायाशी बसून बासरी वाजवतो, तिचा चेहरा हसरा होईपर्यंत वाजवतो, आणि तिला न उठवता परत जातो. का, तर बागेतल्या मित्रांचा निरोप घ्यायचा राहिलाय. निरोप घेता घेता महिने जातात. दुसऱ्या वेळी जातो तेव्हा खिडकीला लोखंडी गज, आणि आईच्या कुशीत दुसरं बाळ. तो हाका मारतो, गजांवर अंग आपटतो. तिला ऐकू जात नाही.

१९११ च्या कादंबरीत तोच पीटर हे चार वाक्यांत सांगून टाकतो. आणि बॅरी खाली पुस्ती जोडतो की हे खरं होतं की नाही याची मला खात्री नाही, पण पीटरला ते खरं वाटत होतं. मला त्या पुस्तीमुळे जास्त त्रास होतो. म्हणजे कदाचित आई विसरलीही नसेल.

देवगडकर

मी मुलांची पुस्तकं फारशी वाचलेली नाहीत, पण नातीमुळे १९०६ चं ते बागेचं पुस्तक हाती आलं. त्यातल्या पऱ्या वाचून मला आमच्याकडच्या साती आसरा आठवल्या.

आपल्या डोळ्यांसमोर परी म्हटलं की पांढरा झगा, पंख आणि हातात कांडी येते. स्नेहसंमेलनातली परी. पण इंग्रजांच्या आणि स्कॉटिश लोकांच्या जुन्या लोककथांतली परी तशी नव्हती. लोक तिला भीत असत. ती बाळ पळवून नेते आणि पाळण्यात आपलं ठेवून जाते, अशी समजूत होती. तिच्या जागेत शिरायचं नाही, तिचा मान ठेवायचा. बॅरी स्कॉटलंडचा, त्याने ही भीती पुरती पुसलेली नाही. बागेचे दरवाजे बंद झाल्यावर ती बाग पऱ्यांची. तेव्हा आत राहिलेल्या मुलाचं काही खरं नाही.

आमच्या विहिरीवर शेंदूर लावलेले सात दगड होते. तिन्हीसांजेला तिकडे पोरांनी जायचं नाही, गेलात तर पाण्यात बघायचं नाही. आजी खण-नारळ ठेवायची तेव्हा हात जोडून तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणायची. ती भीती वाईट नव्हती. ही जागा आपली, ती त्यांची, एवढं त्यातून कळायचं.

आणि पीटर म्हणाल तर आमच्याकडे त्याच्यासारखा एकच आहे, मुंजा. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आधी जो गेला तो मुलगा. पिंपळावर राहतो. वय वाढत नाही, घरात येता येत नाही, घरापासून लांबही जाता येत नाही. कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात मिसेस डार्लिंगला लहानपणी ऐकलेलं आठवतं की मुलं मरतात तेव्हा त्यांना भीती वाटू नये म्हणून पीटर पॅन थोड्या वाटेपर्यंत त्यांच्यासोबत जातो. हे वाक्य वाचल्यावर मी पुस्तकाकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

कंदील

देवगडकर काका, तुम्ही अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंत. बॅरीच्या घरातच तशी घटना झालेली आहे.

बॅरीचा जन्म १८६० चा, स्कॉटलंडमधल्या किरिम्यूर गावचा. वडील विणकर, दहा भावंडांतला हा नववा. १८६७ च्या जानेवारीत थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर स्केटिंग करताना झालेल्या अपघातात गेला. चौदावा वाढदिवस तोंडावर आला होता. बॅरी तेव्हा सहा वर्षांचा. आई मार्गारेट ऑगिल्व्ही अंथरुणाला खिळली. बॅरीने पुढे १८९६ मध्ये आईवर पुस्तक लिहिलं, त्यात हे सगळं आहे. तो अंधाऱ्या खोलीत जातो, आई विचारते, तू आहेस का? तिच्या आवाजावरून याला कळतं की ती गेलेल्या मुलाशी बोलतेय. आणि हा बारीक आवाजात सांगतो की नाही, तो नव्हे, नुसता मीच आहे.

त्यानंतर तो भावाचे कपडे घालून, त्याच्यासारखी खिशात हात घालून शीळ वाजवत आईपुढे उभा राहिला. तिला हसवायला. गेलेला भाऊ आईच्या मनात कायम तेरा वर्षांचा राहिला आणि जिवंत मुलगा आपल्याच घरात त्याची जागा मागत राहिला. रानजाई, तुमचं 'आपली जागा' हे म्हणणं इथून बघा. त्या बंद खिडकीच्या दोन्ही बाजूंना बॅरी आहे. बाहेर हाका मारणारा तो, आणि आत दुसऱ्याच्या बिछान्यात झोपलेला मुलगाही तोच.

पारवा

चर्चा सुंदर चाललीय, पण पुस्तकाला फक्त डोळ्यांत पाणी आणून चालणार नाही, म्हणून लिहिते. मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते आणि हे पुस्तक मुलांच्या हातात देताना दोन ठिकाणी थांबते.

पहिलं, बेटावरचे मूळ रहिवासी. त्यांच्या टोळीला बॅरीने जे नाव दिलंय तो काळ्या मुलांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा शब्द आहे. दहाव्या प्रकरणात हे लोक पीटरला 'थोर गोरा बाप' म्हणत त्याच्यापुढे लोटांगण घालतात, आणि पीटरला ते आवडतं. बेट त्यांचं आणि राजा बाहेरून उडत आलेला मुलगा! आपली जागा कोणती याबद्दलचं पुस्तक म्हणत असाल तर त्या लोकांच्या जागेचं काय, हा प्रश्न टाळता येणार नाही.

दुसरं, वेंडी. बेटावर गेल्या गेल्या तिच्यावर सगळ्यांच्या आईपणाची जबाबदारी येते. मुलं साहसं करतात आणि ही जमिनीखालच्या घरात मोज्यांची भोकं शिवत बसते. नऊ वर्षांच्या मुलीला हे वाचून दाखवताना मी तिथे थांबेन आणि तिला विचारेन की तुला वेंडी व्हायला आवडेल का.

सोनचाफा

पारवा, दोन्हींना अनुमोदन. वेंडीबद्दल एक भर घालते: घरी जायचं ठरवणारी तीच आहे, आणि मुलांनाही चला म्हणणारी तीच.

धाग्याच्या विषयात पऱ्या आहेत म्हणून टिंकर बेलबद्दल लिहायचंय. तिच्यावर कुणी बोललंच नाही. कार्टूनने तिला नखरेल बाहुली केलंय. पुस्तकात ती कष्टकरी परी आहे, किटल्या-भांडी सांधणं हा तिचा धंदा. मत्सरी आहे, वेंडीला मारायला टूटल्स या हरवलेल्या मुलाकडून बाणही सोडवते. बॅरीने त्याचं कारण सांगितलंय ते मला फार पटतं: पऱ्या इतक्या लहान असतात की त्यांच्यात एका वेळी एकाच भावनेला जागा असते. म्हणून ती एक तर पूर्ण वाईट किंवा पूर्ण चांगली. लहान मुलांचं रडणं-हसणं जवळून बघितलंय त्यांना यात नवल वाटणार नाही.

पहिल्या बाळाच्या पहिल्या हसण्याचे हजार तुकडे झाले आणि त्यांच्या पऱ्या झाल्या, हे सगळ्यांना आवडतं. त्यालाच जोडून येणारी गोष्ट मात्र भयानक आहे. कुठलंही मूल 'माझा पऱ्यांवर विश्वास नाही' म्हणालं की कुठेतरी एक परी मरून पडते. म्हणजे पऱ्यांना स्वतःची अशी जागाच नाही. कुणाच्या तरी मनात जागा आहे तोवर त्या आहेत. पीटरच्या औषधात हुकने मिसळलेलं विष ती पिते, तिचा उजेड मंदावतो, तेव्हा पीटर नेव्हरलँडची स्वप्नं बघत असतील त्या सगळ्या मुलांना टाळ्या वाजवायला सांगतो. नाटकात तर समोर बसलेल्या प्रेक्षकांनाच. पहिल्या प्रयोगाला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत तर काय, या धास्तीने वादकांना वाद्यं खाली ठेवून टाळ्या वाजवायला सांगून ठेवलं होतं म्हणतात. गरज पडली नाही. त्या प्रयोगात टिंकर बेल म्हणजे आरशाने पाडलेला उजेडाचा ठिपका आणि घंट्यांचा आवाज, एवढंच होतं. त्या ठिपक्यासाठी अख्खं थिएटर टाळ्या वाजवत होतं.

बोरू, तुम्ही हा भाग गाळलात म्हणता. मुलाला टाळ्या वाजवायची संधी गेली, एवढंच म्हणेन. हा एकच प्रसंग असा आहे की ऐकणाऱ्याच्या हातात काहीतरी आहे.

आणि शेवटच्या प्रकरणात वेंडी टिंकर बेलची आठवण काढते तर पीटर विचारतो, कोण टिंकर बेल? पऱ्या पुष्कळ असतात, ती बहुतेक नसेल आता. ज्याच्यासाठी ती विष प्यायली तो हे म्हणतो. मला अजून ते वाक्य पचलेलं नाही.

दूरदेशी

मी लंडनला असतो, तेव्हा तिथलं थोडं.

केन्सिंग्टन गार्डन्समध्ये पीटरचा ब्राँझचा पुतळा आहे, जॉर्ज फ्रॅम्प्टनने केलेला. बॅरीने तो १९१२ मध्ये एका रात्रीत गुपचूप बसवून घेतला. १ मेच्या सकाळी बागेत आलेल्या मुलांना वाटावं की पऱ्यांनीच आणून ठेवलाय. चौथऱ्यावर चढणाऱ्या पऱ्या, खारी, ससे आहेत. बॅरीला मात्र तो पुतळा पसंत नव्हता. पीटरमधला सैतान त्यात दिसत नाही, अशी त्याची तक्रार होती. आपण पीटरला बिचारा म्हणताना हेही लक्षात ठेवलेलं बरं.

१९२९ मध्ये बॅरीने पीटर पॅनचे सगळे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या मुलांच्या हॉस्पिटलला देऊन टाकले, आणि त्यातून किती पैसे मिळतात हे कधी जाहीर करू नका म्हणून सांगितलं. तो १९३७ ला गेला, पन्नास वर्षांनी ब्रिटनमधला कॉपीराइट संपला. तेव्हा १९८८ च्या कायद्यात खास कलम घालून हॉस्पिटलला इथल्या प्रयोगांची आणि प्रकाशनांची रॉयल्टी कायमची मिळेल अशी सोय केली गेली. माजी पंतप्रधान जेम्स कॅलहन यांनी ती दुरुस्ती सुचवली होती.

आता घरचं. माझा मुलगा इथेच जन्मला. शाळेत इंग्रजी, घरात मराठी, सुट्टीत कोल्हापूर. कोल्हापुरात चुलतभावंडं त्याच्या मराठीला हसतात, इथे शाळेत त्याच्या डब्याला नावं ठेवतात. तो सॉलोमन कावळ्याचा भाग आम्ही वाचला तेव्हा 'अधलामधला' ऐकून त्याचे डोळे चमकले. म्हणाला, बाबा, हा माझ्यासारखा आहे, याला दोन्ही येतं. मी त्या भागाकडे दुःखाचा म्हणूनच बघत होतो. पीटरला बासरी वाजवता येते म्हणून पऱ्या त्याला नाचाला बोलावतात. पक्ष्यांना ती येत नाही, बागेत येणाऱ्या माणसांना पऱ्या दिसत नाहीत. अधल्यामधल्यालाच जमणारं काम आहे ते. मुलाने ते बघितलं.

ओवी

बरेच दिवस या धाग्यावर लिहू की नको असं चाललं होतं.

आमचा मुलगा दत्तक आहे. आमच्याकडे आला तेव्हा अडीच वर्षांचा होता, आता अकरा. त्याला सगळं माहीत आहे. हे पुस्तक आम्ही पूर्ण वाचलं, एकही ओळ न गाळता, आणि तो ज्या पानावर परत परत जातो ते पान इथे कुणीच काढलेलं नाही.

सतराव्या प्रकरणाची सुरुवात. वेंडी, जॉन, मायकेल घरी परतलेत. सहा हरवलेली मुलं खाली थांबलीत, वेंडीला आपल्याबद्दल वर आईबाबांना सांगायला वेळ मिळावा म्हणून. पाचशे आकडे मोजतात आणि मग वर जातात. जिन्याने. उडता येत असून जिन्याने, कारण तसं गेलं तर आपल्याबद्दल चांगलं मत होईल असं त्यांना वाटतं. मिसेस डार्लिंगपुढे टोप्या काढून रांगेत उभी राहतात. बोलत काहीच नाहीत, नजरेनेच विचारतात. ती लगेच हो म्हणते. मिस्टर डार्लिंग जरा गप्प, सहा म्हणजे फार झाली असं त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. तेव्हा जुळ्यांतला एक लाल होऊन विचारतो, आम्ही तुम्हाला जड होऊ का? होणार असू तर आम्ही जाऊ परत. आणि निब्ज म्हणतो, आम्ही अंग मुडपून झोपू.

हे मी मराठीत सांगत होते आणि 'अंग मुडपून झोपू' म्हटल्यावर मला पुढे वाचवेना. मुलगा म्हणाला, आई, वाच ना, पुढे होणारे ते.

आणि होतंच. मिस्टर डार्लिंगला रडू फुटतं. त्याला मुलं हवीच असतात, फक्त आपल्याला कुणी विचारलं नाही याचं वाईट वाटलेलं असतं. मुलं लगेच एकमेकांना विचारतात, तुला वाटतं का हे घरात कुणी नाहीत असं? छे, मुळीच नाही! मग तो म्हणतो, दिवाणखान्यात करू तुमची सोय. दिवाणखाना आपल्याकडे आहे की नाही कोण जाणे, पण आहे असं समजू, तेवढं पुरे. आणि सगळी वरात घरभर दिवाणखाना शोधत नाचत निघते.

मी किती फॉर्म भरले, किती भेटी झाल्या, घर बघायला आलेल्या बाईंनी खोल्या मोजल्या. त्या सगळ्यात हे एक वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर धीर आला असता. आहे असं समजू, तेवढं पुरे.

बोरू, तुमच्या मुलाला गरज नसेल तर गाळा, तुम्ही त्याला ओळखता. पण कुठल्या मुलाला कुठलं पान लागेल हे मोठ्यांना आधी कळत नाही. माझ्या मुलाला खिडकीच्या पानाने रडवलं नाही. त्याने विचारलं, "पीटरने बेल का नाही वाजवली?"

बोरू

ओवी, तुमचा प्रतिसाद बायकोलाही वाचून दाखवला. माझा मुलगा आता दहाचा आहे. पुस्तक कपाटात आहेच. त्याला पुन्हा, पहिल्यापासून सगळं वाचून दाखवतो. खिडकी मला अजूनही रात्रीच्या वेळी नको वाटते, तो भाग रविवारी दुपारी वाचू.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. ओवी, लेकीला तुमच्या मुलाचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "त्याला वाटलं असेल, उघडलं तरी आत जागा नाही."

सोळावं प्रकरण झालं. त्यात पीटर वेंडीच्या आधी तिच्या घरी पोचतो आणि खिडकी आतून लावून घेतो, म्हणजे वेंडीला वाटेल आईने दार लावलं आणि ती परत येईल. आत पियानोपाशी मिसेस डार्लिंगच्या डोळ्यांत दोन आसवं बघतो, चिडतो, नको म्हणतो, आणि शेवटी स्वतःच खिडकी उघडून निघून जातो. दूरदेशी म्हणतात तो सैतान इथे आहे. आणि त्याने केलेली सगळ्यात मोठी गोष्टही इथेच आहे. ज्याच्यासाठी कुणी उघडी ठेवली नाही त्याने दुसऱ्यासाठी उघडली. यावर लेक काही बोलली नाही, पण ते पान पुन्हा वाचायला लावलं.

शेवटच्या प्रकरणाची धास्ती मात्र आहे. वेंडी मोठी झालेली, तिची मुलगी जेन त्याच खोलीत झोपलेली. मिसेस डार्लिंग वारली आणि विसरलीही गेली, असं बॅरी एका ओळीत लिहून मोकळा होतो. पीटर येतो तो तसाच, दुधाच्या दातांचा. वेंडी विस्तवाजवळ अंग चोरून बसते, आपण मोठ्या झालोय हे त्याला दिसू नये म्हणून.

सोनचाफा

रानजाई, तिथे एक गोष्ट नक्की दाखवा लेकीला. पीटर आत येतो तेव्हा बिछान्यात पुन्हा दुसरंच मूल झोपलेलं आहे. तीच जुनी खोली, आणि आपल्या ओळखीच्या माणसाच्या जागी कुणीतरी नवीन. त्याच्या आयुष्यात हे दुसऱ्यांदा होतंय. तो जमिनीवर बसून रडतो. पण या वेळी खिडकी उघडी आहे, आणि ते मूल उठून बसतं आणि विचारतं, मुला, का रडतोस? वेंडीने पहिल्या भेटीत हेच विचारलं होतं. जेन तिची जागा घेते. पुढे जेनची मुलगी मार्गारेट. बॅरीने आईचं नाव दिलंय तिला, कंदील यांनी वर लिहिलेली मार्गारेट.

पारवा

वाचताना क्रम कोणता ठेवायचा, हे मला दोघांनी निरोपातून विचारलं, म्हणून इथेच लिहिते. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना आधी १९११ ची कादंबरी, मग १९०६ चं बागेचं पुस्तक. बागेच्या पुस्तकाचा सूर सावकाश आहे, लंडनच्या बागेची वर्णनं बरीच आहेत, मुलं सुरुवातीलाच कंटाळतात. पीटर आवडायला लागल्यावर ती स्वतःच विचारतात की हा आला कुठून.

बेटावरच्या टोळीचे उल्लेख पाचव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या प्रकरणात आहेत. माझ्या मते तेही गाळू नका. बारावं विशेषतः, चाचे दगा देऊन त्यांच्यावर हल्ला करतात ते. मराठीत सांगताना टोळीचं ते नाव घ्यायची काही गरज नाही, त्यांच्या सरदाराची मुलगी टायगर लिली, तिचे लोक म्हणा. आणि वाचून झाल्यावर मुलांना विचारा की डार्लिंगांच्या घरी सगळ्यांची सोय झाली, बेटावर राहिलेल्या टायगर लिलीचं पुढे काय झालं असेल. बॅरीने ते लिहिलेलं नाही. आमच्या ग्रंथालयात एका मुलीने लिहिलंय, चार पानं आहेत. तिची आणि तिच्या आईची परवानगी मिळाली तर वेगळा धागा काढून टाकेन.